सहा महिन्यांची सुई

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात कापूस घरात आला की त्याचा पुढचा रस्ता जिनिंगचा. तिथून रुई एकीकडे जाते आणि सरकी दुसरीकडे. वजनात सरकी रुईपेक्षा जास्त भरते, तिच्यात प्रथिनंही भरपूर असतात, पण माणसाला ती खाता येत नाही. तिच्यातलं गॉसिपॉल विषारी असतं. रवंथ करणाऱ्या गाई-म्हशींना ते बऱ्यापैकी पचतं, म्हणून पेंड गव्हाणीत जाते. माणसाला आणि कोंबडीला ते सोसत नाही. टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठात कीर्ती राठोड यांनी या अडचणीवर वेगळा उपाय शोधला. कपाशीचं गॉसिपॉल तयार करणारं एक जनुक त्यांनी फक्त बियांमध्ये गप्प केलं. पानांत आणि बोंडात गॉसिपॉल तसंच राहिलं, त्यामुळे किडीपासून झाडाचं संरक्षणही टिकलं. हे काम २००६ साली प्रसिद्ध झालं आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशी सरकी माणसांच्या खाण्यात वापरायला हरकत नसल्याचं कळवलं.

जालना जिल्ह्याला जनुकं नवी नाहीत. भारतात २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कापसामागची महिको ही कंपनी इथलीच. पण बीटी म्हणजे पिकात बाहेरचं जनुक घालणं. आहे ते जनुक गप्प करणं ही त्याहून निराळी गोष्ट, आणि गेल्या काही वर्षांत ती औषधांच्या दुनियेत फार मोठी झाली आहे. कपाशीत एक सोय असते: गप्प करण्याची सूचना बियाण्यातच लिहिलेली असते, झाड ती दर हंगामात स्वतःच अमलात आणतं. माणसाला तसं करता येत नाही. त्याला तीच सूचना बाहेरून, सुईने द्यावी लागते, आणि रक्तात गेल्यावर ती टिकली पाहिजे. म्हणून या औषधांचा इतिहास हा खरं तर टिकाऊपणाच्या रसायनशास्त्राचा इतिहास आहे. या टिकाऊपणाचा सर्वांत मोठा उपयोग अंबडसारख्या ठिकाणी आहे, असं मला ठामपणे वाटतं, जरी तो शोधणाऱ्या कुणाच्या डोळ्यांपुढे अंबड नव्हतं.

आधी काम कसं चालतं ते पाहू. तहसीलच्या अभिलेख कक्षात मूळ रजिस्टर असतं. ते बाहेर नेता येत नाही. बाहेर जातो तो उतारा, आणि पुढची सगळी कामं उताऱ्यावर होतात. पेशीत डीएनए हे मूळ रजिस्टर आणि संदेशवाहक आरएनए हा उतारा. त्या उताऱ्यावरून प्रथिनं तयार होतात. आपल्या नेहमीच्या गोळ्या बहुधा तयार झालेल्या प्रथिनाला जाऊन चिकटतात. जनुक गप्प करणारं औषध त्याआधीच उतारा गाठतं आणि नष्ट करतं. मूळ रजिस्टरला ते हात लावत नाही, म्हणून त्याचा परिणाम कधी ना कधी ओसरतो.

उतारा गाठण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला अँटिसेन्सचा. उताऱ्यावरच्या अक्षरांना नेमकी जुळणारी साधारण वीस अक्षरांची एकेरी साखळी बनवायची. ती जाऊन चिकटली की पेशीतलं आरएनेझ एच नावाचं विकर उतारा कापतं. हार्वर्डमध्ये पॉल झामेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी १९७८ साली तेरा अक्षरांच्या अशा तुकड्याने कोंबडीच्या पेशींमधल्या एका विषाणूची वाढ रोखून दाखवली. दुसरा मार्ग दुहेरी साखळीचा. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका सूक्ष्म कृमीत दाखवलं की दुहेरी आरएनए दिला तर त्याच अक्षरांचं जनुक गप्प होतं. पेशी त्या दुहेरीतली एक साखळी आपल्या यंत्रणेत बसवून घेते आणि तिच्या आधाराने एकामागून एक उतारे कापत राहते. हा शोध इतका मूलभूत होता की आठ वर्षांतच, २००६ साली, त्याला नोबेल मिळालं. आजच्या औषधांच्या दृष्टीने या दुसऱ्या मार्गातला 'एकामागून एक' हाच भाग सर्वांत मोलाचा ठरला.

या सगळ्यात नैसर्गिक आरएनएची अडचण एकच, पण ती मुळावर येणारी. रक्तात शिरलेला परका आरएनए काही मिनिटांत तुटतो. त्याच्या साखरेवर, दुसऱ्या क्रमांकाच्या कर्बापाशी, एक हायड्रॉक्सिल गट असतो. तो शेजारच्या फॉस्फेटवर चाल करून साखळी तोडू शकतो, आणि रक्तातली विकरंही तिथेच घाव घालतात. शिवाय परका आरएनए दिसला की शरीर विषाणू आल्यासारखं खडबडून उठतं आणि ताप येतो. रसायनशास्त्रज्ञांनी यावर एकेका अणूने उपाय केला. फॉस्फेटमधल्या एका ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवलं, तर विकरांना ते पटकन तोडता येत नाही. जर्मनीत फ्रिट्झ एकश्टाइन यांनी याचा पाया १९६०च्या दशकातच घातला होता. त्या हायड्रॉक्सिल गटावर मिथिल किंवा मेथॉक्सिइथिल गट चढवला किंवा त्याच्या जागी फ्लोरिन आणलं, तर साखळी टिकते, लक्ष्याला घट्ट चिकटते आणि शरीराचा गलबलाही कमी होतो. १९९७-९८ च्या सुमारास जपानमध्ये इमानिशी आणि डेन्मार्कमध्ये वेंगेल यांनी साखरेला आडवा पूल घालून ती एकाच आकारात जखडली.

गंधकाच्या त्या एका अणूमुळे एक गुंता मात्र झाला. तो फॉस्फरसच्या डावीकडे बसतो की उजवीकडे, यावरून प्रत्येक जोडाची दोन रूपं होतात. वीस अक्षरांच्या साखळीत एकोणीस जोड; म्हणजे एकाच औषधाची ५,२४,२८८ रूपं. बाजारात आलेली बरीच अँटिसेन्स औषधं म्हणजे प्रत्यक्षात अशा लाखो रूपांचं मिश्रण असतं. एरवी औषध नियामक दोन रूपांच्या मिश्रणावरही कसून प्रश्न विचारतात. इथे त्यांना मिश्रणालाच औषध मानावं लागलं.

या रसायनात महाराष्ट्राचाही वाटा आहे, आणि त्याची आठवण मराठीत फार कमी काढली जाते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलमध्ये, कृ. ना. गणेश आणि वैजयंती कुमार यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केलं. डेन्मार्कमध्ये पीटर नील्सन आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली पेप्टाइड न्यूक्लिइक आम्ल बनवलं होतं. त्यात साखर नाही, फॉस्फेट नाही. अक्षरं प्रथिनासारख्या कण्यावर टांगलेली. विकरांना ते ओळखताच येत नाही, त्यामुळे ते तुटत नाही. पण ते पाण्यात नीट विरघळत नाही, पेशीत शिरत नाही, आणि लक्ष्याला सुलट चिकटायचं की उलट हे त्याला नीट ठरवता येत नाही. पुण्याच्या गटाने या कण्यात प्रोलिनसारखी, सायक्लोपेंटेन आणि सायक्लोहेक्सेनची कडी घातली, म्हणजे त्याला मुळातच एक ठरावीक वळण दिलं. त्यामुळे डीएनए आणि आरएनए यांत फरक करणारी रूपं हाती आली. पुढे कुमार यांच्या गटाने अक्षरं नेहमीपेक्षा वेगळ्या ठिकाणी जोडलेल्या साखळ्यांवर काम केलं. गणेश यांना १९९८ साली भटनागर पुरस्कार मिळाला, नंतर ते पुण्याच्या आयसरचे पहिले संचालक झाले. पेप्टाइड न्यूक्लिइक आम्लाचं औषध अजून बाजारात आलेलं नाही. तरीही 'साखळीला वळण दिलं की तिची निवड सुधारते' हा धडा जगाने घेतला, आणि तो शिकवणाऱ्यांत पुणं होतं. अमेरिकेतल्या कंपन्यांमध्ये या क्षेत्राला आकार देणाऱ्यांत सुधीर अग्रवाल, मुथय्या मनोहरन, ताझा प्रकाश अशी भारतात घडलेली नावंही ठळक आहेत. ज्ञान इथे होतं. ज्ञानाचं औषध करणारी मोठी, धीराची गुंतवणूक मात्र इथे नव्हती.

आता औषधांकडे. पहिलं अँटिसेन्स औषध, फोमिव्हर्सेन, १९९८ साली आलं. एड्सच्या रुग्णांच्या डोळ्यातल्या विषाणूसंसर्गासाठी ते थेट डोळ्यात टोचायचं. एचआयव्हीवर चांगली औषधं आली, तो संसर्गच दुर्मिळ झाला आणि फोमिव्हर्सेन मागे पडलं. कोलेस्टेरॉलसाठीचं मिपोमर्सेन २०१३ मध्ये आलं आणि यकृताच्या त्रासामुळे टिकलं नाही. वीस वर्षं असं धडपडत गेली. अनेक मोठ्या कंपन्यांनी हा नाद सोडला.

वळण आलं ते यकृताच्या दारात. यकृताच्या पेशींवर एक ग्राहक असतो, त्याचं काम रक्तातली जुनी, झिजलेली साखरयुक्त प्रथिनं ओढून घेणं. औषधाच्या साखळीला गॅलनॅक नावाच्या साखरेचे तीन तुकडे जोडले, की हा ग्राहक औषधालाच आत ओढतो. मनोहरन आणि सहकाऱ्यांनी केलेलं हे काम २०१४ साली प्रसिद्ध झालं. गॅलनॅक नसलेल्या पॅटिसिरानसारख्या औषधाला चरबीच्या सूक्ष्म थेंबात गुंडाळून, सलाइनमधून दर तीन आठवड्यांनी द्यावं लागे. २०१८ साली मंजूर झालेलं ते पहिलं दुहेरी साखळीचं औषध; ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन नसांत साचण्याच्या आनुवंशिक रोगावर. गॅलनॅकने सलाइन गेलं आणि कातडीखाली टोचायची साधी सुई आली.

पण रसायनाने काय साधलं, हे पाहायला मला एकच उदाहरण पुरेसं वाटतं. त्याच ट्रान्सथायरेटिनसाठी, पॅटिसिरान बनवणाऱ्या अल्नायलम कंपनीने रेव्हुसिरान नावाचं औषध आणलं होतं. त्यालाही गॅलनॅक जोडलेलं होतं. साखळी मात्र तेवढी पक्की नव्हती, म्हणून दर आठवड्याला ५०० मिलिग्रॅम द्यावं लागे. २०१६ मध्ये औषध घेणाऱ्या गटात जास्त मृत्यू दिसले आणि चाचणी थांबवावी लागली. त्यानंतर त्याच जनुकावर, त्याच साखरेने, पण पक्क्या केलेल्या साखळीने व्हुट्रिसिरान आलं. २०२२ मध्ये ते मंजूर झालं. त्याची मात्रा तीन महिन्यांत २५ मिलिग्रॅम, म्हणजे वर्षाला ०.१ ग्रॅम. रेव्हुसिरान वर्षाला २६ ग्रॅम लागलं असतं. लक्ष्य तेच, वाहन तेच. मिथिल, फ्लोरिन आणि गंधक योग्य जागी बसवल्याने मात्रा अडीचशे पटींहून कमी झाली.

या टिकाऊपणाचं सर्वांत व्यापक फळ म्हणजे इन्क्लिसिरान. यकृतातलं पीसीएसके९ हे जनुक ते गप्प करतं; त्यामुळे यकृत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल जास्त उचलतं. पहिली सुई, तीन महिन्यांनी दुसरी, आणि मग दर सहा महिन्यांनी एक. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या दोन चाचण्यांत वाईट कोलेस्टेरॉल सुमारे निम्म्याने उतरलं. औषध रक्तातून दोन दिवसांत नाहीसं होतं, तरी परिणाम सहा महिने राहतो. पेशीतल्या आम्लधर्मी पिशव्यांत पक्की साखळी न तुटता साठून राहते आणि थोडी थोडी बाहेर येत यंत्रणेत बसत जाते.

यकृताबाहेर चित्र इतकं उजळ नाही. मेंदू आणि मज्जारज्जूसाठी औषध पाठीच्या कण्यात टोचावं लागतं. न्युसिनर्सेनने स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीची बाळं वाचवली, पण ते जनुक गप्प करत नाही, उलट एका सुस्त जनुकाकडून काम करून घेतं. हंटिंग्टनच्या रोगासाठीची टॉमिनर्सेनची मोठी चाचणी २०२१ मध्ये थांबवावी लागली. जास्त मात्रा घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा बिघडली. एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या रोगाच्या एका आनुवंशिक प्रकारासाठी टोफर्सेन २०२३ मध्ये मंजूर झालं, तेही मुख्य चाचणीत अपेक्षित फरक न दिसता, रक्तातल्या एका खुणेच्या आधारावर. यकृतातही सगळं सुरळीत झालं असं नाही: तिथेच काम करणाऱ्या, हिमोफिलियासाठीच्या फिटुसिरानच्या चाचण्यांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या, एक मृत्यूही झाला. मात्रा नव्याने बसवून २०२५ मध्ये ते अमेरिकेत मंजूर झालं. या औषधाच्या मुख्य चाचण्यांत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे आलोक श्रीवास्तव आघाडीवर होते. महिन्या-दोन महिन्यांतून एक सुई हा हिमोफिलियाच्या घरासाठी केवढा दिलासा आहे, हे घरातल्या पोराला रक्त गोठवणारा फॅक्टर द्यायला रात्री-अपरात्री शहर गाठणाऱ्या आई-बापालाच कळेल.

आता मला जे मनापासून मांडायचं आहे त्याकडे येतो. अंबड, घनसावंगी आणि आसपासच्या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता ठरलेला असतो, आणि पुढचे पाच-सहा महिने मुक्काम फडावर. रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या रोजच्या गोळीचं काय होतं, हे कुठल्याही ग्रामीण दवाखान्यात विचारावं. महिन्याची गोळी संपली की संपली. फडाजवळच्या गावात ओळखीचा डॉक्टर नसतो, कार्ड गावीच राहिलेलं असतं, आणि रक्तदाब दुखत नाही, म्हणून कुणी मागेही लागत नाही. गावाकडे परतेपर्यंत रक्तदाब चढलेला असतो. अशा माणसाला निघण्याआधी एक सुई आणि परतल्यावर एक सुई, एवढंच पुरलं तर? ऊसतोडीचा हंगाम आणि या औषधांचं सहा महिन्यांचं चक्र आपोआप जुळतं. आणि हे स्वप्नरंजन नाही. अँजिओटेन्सिनोजेन हे यकृतातलं जनुक गप्प करणाऱ्या झिलेबेसिरानने चाचणीत एका मात्रेनंतर तीन महिन्यांनी वरचा रक्तदाब सुमारे १५ अंकांनी कमी ठेवला. २०२५ मध्ये त्याची हजारो रुग्णांची मोठी चाचणीही सुरू झाली. ही सुई द्यायला मोठं रुग्णालय लागत नाही. अंबडच्या उपजिल्हा रुग्णालयात, किंबहुना प्राथमिक आरोग्य केंद्रातही ती देता येईल.

पण जो टिकाऊपणा वरदान आहे, तोच धोकाही आहे. गोळी बंद केली की एक-दोन दिवसांत परिणाम सरतो. दिलेली सुई परत घेता येत नाही. अँजिओटेन्सिन दाबणारी औषधं गर्भाला अपाय करतात हे पूर्वीपासून माहीत आहे. ऊसतोडीच्या टोळ्यांत तरुण, लग्न झालेल्या बायका मोठ्या संख्येने असतात. त्यांच्यापैकी एखादीला डिसेंबरात दिवस गेले आणि ऑक्टोबरात घेतलेली सुई शरीरात तशीच काम करत असेल, तर त्यावर काय करायचं? फडावर जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी आणि मीठ गेलं तर रक्तदाब किती खाली जाईल? या प्रश्नांची उत्तरं परदेशातल्या चाचण्यांत मिळणार नाहीत. ती मराठवाड्यातच शोधावी लागतील. जालन्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आहेच. ऊसतोड मजुरांचा रक्तदाब हंगामाआधी आणि हंगामानंतर नीट नोंदवणं हे काम त्यांना आजही सुरू करता येईल, औषध येण्याची वाट न पाहता.

मग किंमत. अमेरिकेत इन्क्लिसिरानची एक सुई ३,२५० डॉलरला आली. भारतातही हे औषध मिळतं, पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराच्या आवाक्यात ते नाही. दुर्मिळ रोगांच्या औषधांच्या किमती तर याच्या कितीतरी पुढे. पॅटिसिरान वर्षाला साडेचार लाख डॉलरच्या घरात सुरू झालं होतं. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ रोग धोरणात, मुंबईच्या केईएम रुग्णालयासारख्या केंद्रांमार्फत, रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळते. आयुष्यभर घ्यायच्या औषधाला ती किती पुरणार?

काही जण म्हणतात, पेटंट संपलं की भारतीय कंपन्या स्वस्त करतील. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीवरच्या रिस्डिप्लामच्या बाबतीत तर पेटंट संपण्याआधीच तसं घडलं. न्यायालयातल्या लढ्यानंतर २०२५ मध्ये हैदराबादच्या नॅटकोने सुमारे सहा लाखांची बाटली १५,९०० रुपयांना आणली. पण रिस्डिप्लाम हा छोटा रेणू आहे. असे रेणू बनवण्यात आपला हात बसलेला आहे. वीस अक्षरांची साखळी एकेक अक्षर जोडत जावी लागते. प्रत्येक जोड ९९ टक्के यशस्वी झाला तरी एकोणीस जोडांनंतर अखंड साखळी ८३ टक्क्यांच्या आसपासच हाती लागते. जोड ९८ टक्के झाला तर ६८ टक्के. उरलेलं सगळं गाळून काढायचं. एक किलो औषधासाठी काही हजार किलो कच्चा माल आणि द्रावक खर्ची पडतात. ही वेगळी कारखानदारी आहे आणि ती उभी करायला वेळ लागतो. पुण्याच्या जेनोव्हाने कोविडच्या काळात एमआरएनए लस बनवली, जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन परवानगी मिळाली, म्हणजे आरएनए हाताळण्याचं धाडस पुण्यात आहे. पण लशीचा आरएनए विकरांनी बनतो, औषधाची ही साखळी शुद्ध रसायनाने. एनसीएलमध्ये तीन दशकं जे रसायन शिकवलं गेलं, नेमकं तेच.

आणखी एक कारण आहे ज्यासाठी ही कारखानदारी इथे हवी. स्पायनोसेरेबेलर अॅटॅक्सियाचा बारावा प्रकार, हात थरथरण्यापासून सुरू होऊन तोल घालवणारा आनुवंशिक रोग, जगात अतिदुर्मिळ आहे. भारतात मात्र तो अगरवाल समाजात लक्षणीय प्रमाणात आढळतो; दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी या शतकाच्या सुरुवातीलाच ते दाखवलं. असा रोग गप्प करण्याची साखळी कागदावर आखायला आज फार काळ लागत नाही. पण अमेरिकी कंपनीला त्यात ग्राहक दिसणार नाही. तो आपला रोग आहे, त्याचं औषधही आपणच करायला हवं.

शेवटी पुन्हा अंबडकडे येऊ. इन्क्लिसिरानने कोलेस्टेरॉल उतरतं हे सिद्ध झालं. त्याने हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू किती टळतात हे पाहायला सुमारे १५,००० रुग्णांची ऑरायन-४ आणि तितक्याच मोठ्या आणखी एका चाचणीची आखणी झाली. त्यांचे आकडे हातात येईपर्यंत अंबडच्या डॉक्टरने पहिल्यांदा लिहून द्यायचं औषध अॅटोर्व्हास्टॅटिन हेच राहील. ते जनऔषधी दुकानात स्वस्तात मिळतं, त्याने जीव वाचतात हे अनेक चाचण्यांनी दाखवलं आहे, आणि टोळी निघण्याआधी एक-एक महिन्याचं न देता सहा महिन्यांचं एकदम दिलं, तर फडावरही ते पोचेल.